विटाळ आणि लागण

एक गोष्ट आधी कबूल करतो, मग बाकीचं लिहितो.

फेब्रुवारी २०२२. शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत कोंबड्या पटापट मेल्या. तपासात बर्ड फ्लू निघाला, आणि एक किलोमीटरच्या आतल्या सुमारे पंचवीस हजार कोंबड्या मारून पुरायचं ठरलं. टीव्हीवर दिवसभर तेच. पांढरे झगे, चष्मे, खड्डा, चुना. त्याच आठवड्यात माझा मावसभाऊ कल्याणला आमच्या खोलीवर आला. तो मुरबाडच्या बाजूला एका शेडवर कामाला. वेहळोली कुठं, त्याची शेड कुठं. तिथं एक पक्षी मेला नव्हता. पण वरच्या कंपनीनं नवी पिल्लं टाकायचं थांबवलं, मालक म्हणाला, महिनाभर घरी बस. घरी बसून खायचं काय, म्हणून हा बिगारी शोधायला शहरात.

मी दार उघडलं, "ये" म्हणालो. पण पाय मागं सरकला. बायकोनं चहा टाकला. घरात स्टीलचे कप आहेत, काचेचे आहेत. जयंतीच्या वेळचे थोडे कागदी कप उरलेले होते. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. कुणी काही बोललं नाही. चहा कागदी कपातून आला. फक्त त्याला.

तो चहा प्याला. उठला, मोरीत गेला, कप धुतला आणि दाराबाहेर भिंतीकडेला उपडा ठेवला. कागदाचा कप! धुवून, उपडा! म्हणाला, "वैनी, परत आलो तर ह्योच दे. वाया कशाला घालवायचा." हसत म्हणाला. मला काही हसू आलं नाही. गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचा कप असाच बाहेर उपडा असायचा, कान तुटलेला. माझ्या आज्यानं तो धुतला, बापानं धुतला. मी नोकरीला लागलो, कल्याणात खोली घेतली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, आणि तोच कप माझ्या दारात आला. ठेवणारा माझा भाऊ, ठेवायला लावणारा मी.

शहाणी माणसं म्हणतील, यात जात कुठं आली? साथ होती, काळजी घेतली. मीही चार दिवस स्वतःला हेच सांगत होतो. मग एक सवाल मीच मला केला. मावसभावाच्या जागी त्या कंपनीचा डॉक्टर आला असता तर? इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. तो तर दिवसात पाच ठिकाणच्या शेडमधून फिरतो. बर्ड फ्लू एका शेडमधून दुसरीत जातो तो बुटाला चिकटलेल्या विष्ठेतून, गाडीच्या टायरातून, अंड्यांच्या ट्रेमधून, पिंजऱ्यांतून. म्हणजे धोका मोजायचाच तर डॉक्टरचा जास्त. मावसभाऊ एकाच शेडवर राहतो, तिथंच जेवतो, तिथंच झोपतो. तरी डॉक्टरला मी खुर्ची दिली असती आणि काचेचा कप. खात्रीनं दिला असता. तेव्हा त्या दिवशी माझ्या हातून काळजी वगैरे काही घेतली गेली नाही. विटाळ पाळला गेला.

लागण आणि विटाळ वरून सारखे दिसतात. दोन्हींत लांब उभं राहायचं, भांडं वेगळं ठेवायचं, हात धुवायचे. पण लागणीला वाट असते. श्वासातून, रक्तातून, मुतातून, पाण्यातून. वाट कळली की अडवता येते. लागणीला मुदत असते. अमुक दिवस गेले, काही झालं नाही, माणूस मोकळा. आणि ती कुणालाही होते, पाटलाला होते, भटजीलाही होते. विटाळाला वाट लागत नाही, सावलीनंही होतो. त्याला मुदत नाही, बापाचा पोराला जातो. आणि तो एकाच दिशेनं वाहतो, खालून वर. वरच्याचा विटाळ खालच्याला झाला, असं कुणी ऐकलंय?

भानगड अशी की साथ आली की लागणीचा डगला घालून विटाळ घरात शिरतो. आणि तो आपल्याच हातानं दार उघडून घेतो, हे मला पन्नाशीत कळलं.

आता आज्याचं सांगतो, कारण जनावराचा रोग माणसाला होतो हे आमच्या घराला शाळेत शिकावं लागलं नाही. गावात ढोर मेलं की महारानं ओढायचं. कातडं काढायचं, मांस वाटून घ्यायचं. आज्याला फाशी ठाऊक होती. धडधाकट बैल संध्याकाळी वैरण खातो आणि सकाळी आडवा. नाकातोंडातून काळं रक्त, आणि ते रक्त गोठत नाही. असलं ढोर फाडू नये, असं आजा सांगायचा. आजचा पशुवैद्यही हेच सांगतो. फाशीनं मेलेलं जनावर फाडायचं नाही, खोल खड्डा करून चुना टाकून पुरायचं. कारण आतले जंतू हवेला लागले की त्यांचे बीजाणू होतात, आणि ते मातीत दशकानुदशकं जिवंत राहतात. रॉबर्ट कॉखनं १८७६ साली या जंतूचं सगळं चक्र उलगडून दाखवलं. लुई पाश्चरनं १८८१ साली मेंढ्यांना लस टोचून दाखवली. तिकडं जर्मनीत नि फ्रान्समध्ये रोग कसा होतो हे ठरत होतं, तेव्हा इकडं तो कुणाला व्हायचा हे कधीच ठरून गेलेलं होतं.

आजा फाडू नये म्हणायचा, पण पोटात आग असली तर? आणि नाही फाडलं, नाही ओढलं, तर गाव विचारणार, वतन खातोस ते कशाचं? आज्याच्या थोरल्या भावाच्या दंडावर काळपुळी उठली. आधी खाज, मग फोड, मग मधोमध काळी खपली. ती दुखत नाही. दुखत नाही म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही. आठवड्यात गेला. गाव काय म्हणालं? मेलेलं खातात म्हणून मरतात.

आणि चार ढोरं एकदम मेली की दुसरी आवई. महारामांगांनी विष घातलं, कातड्यासाठी. उत्तरेत चांभारांवर हाच आळ होता. इंग्रजी अंमलातल्या पोलिसांनी एकोणिसाव्या शतकात त्याच्या फायली केल्या, खटले चालवले. ढोरांना साथीचा रोग होता की नाही हे तपासण्याआधी कातडं कोण काढतो ते बघितलं. म्हणजे बघा कसं आहे: धोक्याचं काम अंगावर टाकायचं, त्या कामानं माणूस मेला तर दोष त्याच्या खाण्याला द्यायचा, आणि काम केलं म्हणून गुन्हाही त्याच्याच नावावर लिहायचा.

गावात पटकी आली, गुरांत बुळकांडी आली, की मरीआईचा गाडा निघायचा. गाडा गावभर फिरवायचा आणि शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावानं तो त्याच्या पुढच्या शिवेवर ढकलायचा. रोगाचं काय झालं हे कुणी विचारत नसे. तो आपल्या शिवेत नाही एवढं पुरे. त्या गाड्यापुढं कोण? पोतराज. अंगावर आसूड ओढून घेणारा, आपल्यातलाच. मला टीव्हीवरचे पांढरे झगे बघताना हा गाडा आठवला. रागावू नका, त्या लोकांचं काम मी हलकं करत नाही. ते सरकारी नोकर, रोगाच्या तोंडात हात घालतात, त्यांना औषधाच्या गोळ्या देतात, दिवसचे दिवस तब्येतीवर नजर ठेवतात, ते योग्यच आहे. मला आठवला तो वर्तुळाचा हिशोब. एक किलोमीटरचं वर्तुळ. शीव आखली, आतलं मारलं, आणि शहरानं सुटकेचा श्वास सोडला.

महाडला १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेलं मांस सोडा म्हणून सांगितलं. ते आरोग्याचं भाषण नव्हतं, स्वाभिमानाचं होतं. पण त्यात रोगाचं उत्तरही आपोआप होतं. गावोगाव लोकांनी ढोरं ओढायचं सोडलं, बहिष्कार सोसले, मार खाल्ला. आणि गंमत बघा, काम सोडलं तरी वास सोडला नाही गावानं. गुजरातेत उना तालुक्यात ११ जुलै २०१६ ला मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या पोरांना काठ्यांनी फोडलं. त्यानंतर तिथल्या लोकांनी मेलेली गुरं उचलायचंच बंद केलं, सुरेंद्रनगरला ती कचेरीपुढं नेऊन टाकली. तुमची माय, तुम्ही उचला. बरेच दिवस कुणी उचलायला पुढं येईना. ती सडत होती तेव्हा तरी कळलं असेल की आम्ही इतकी वर्षं फक्त कातडं काढत नव्हतो, गावाचा रोगही गावाबाहेर काढत होतो.

आता शेडकडं येतो. शेड म्हणजे उकिरडा नव्हे, हे आधी समजून घेतलं पाहिजे. शहरातल्या माणसाला वाटतं, घाणीतून रोग येतो, आणि घाण म्हणजे झोपडपट्टी. मावसभावाची शेड आमच्या चाळीपेक्षा टापटीप. पिल्लं कंपनीची, दाणा कंपनीचा, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी आणि घाम गाववाल्याचा. सगळी पिल्लं एका दिवशी टाकतात, एका जातीची, एका वयाची. चाळीसेक दिवसांत पक्षी दोन किलोचा. रात्री गाडी येते, अंधारात पाय धरून पक्षी पकडतात, पिंजऱ्यात कोंबतात, पहाटे कल्याण-डोंबिवलीच्या दुकानात. भुश्यातल्या विष्ठेचा अमोनिया डोळ्याला झोंबतो. मावसभावाला बारा महिने खोकला.

विषाणूला असली जागा म्हणजे लग्नाचं जेवण. तळ्यावरच्या रानबदकात तो बऱ्याचदा गुमान राहतो. तिथं पक्षी विखुरलेले, नाना जातींचे. पक्ष्याला मारून टाकलं तर विषाणूचंच नुकसान, पुढं न्यायला कोण? शेडमध्ये तसं नाही. एकाला एक चिकटून दहा हजार पक्षी, सगळे एकाच साच्यातले. मारलं तरी शेजारी तयार. साधा, सौम्य विषाणू कोंबड्यांच्या अशा गर्दीत शिरून जहरी होतो हे शास्त्रज्ञांनी अनेक देशांत बघितलंय. हाँगकाँगला १९९७ साली हा एच५एन१ पहिल्यांदा माणसांत आला. १८ जणांना झाला, ६ गेले. २००३ पासून जगभरात साडेनऊशेच्या वर माणसांना झाल्याची नोंद आहे, त्यातली जवळजवळ निम्मी मेली. आपल्याकडं पहिली साथ आली ती फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, आदिवासी तालुक्यात. लाखो कोंबड्या मारल्या. माणसाला झाल्याचं तेव्हा एकही निघालं नाही. पुढं जुलै २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये एक लहान मुलगा गेला, तो देशातला पहिला. नवापूरला २०२१ साली पुन्हा साथ आली, पुन्हा लाखांनी पक्षी पुरले. जागा तीच, शेड त्याच, पद्धत तीच.

त्या एक किलोमीटरच्या वर्तुळात कातकरणीच्या चार गावठी कोंबड्याही येतात. हे लोक विसरतात. वर्तुळ शेडभोवती आखतात, पण त्यात पाडा असतो, पाड्यात घरं, घरात कोंबडी. ती कातकरणीची बँक. पोर आजारी पडलं, कोंबडी विकली. पाहुणा आला, कोंबडी कापली. तिला भरपाई मिळते, पक्ष्यामागं सरकारी दरानं, कागद असले तर. शेडवाल्यालाही पक्ष्यामागं. शेडवरच्या मजुराच्या बुडालेल्या हजेरीला त्या तक्त्यात रकानाच नाही. रोगानं कोंबडी मेली तर तिची किंमत आहे. रोगाच्या भीतीनं मावसभावाची चूल विझली तर तो हिशोबाबाहेर.

डुकरांची गोष्ट याहून वाईट. २००९ साली स्वाइन फ्लू आला. ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांची मुलगी गेली, देशातला पहिला मृत्यू. सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडावर फडकी. आमच्या वस्तीमागच्या नाल्याकडेला तेव्हा डुकरं होती, पाळणारी घरं कैकाड्यांची, वडारांची. एके सकाळी डुकरं पकडायची गाडी आली. जाळ्या, फासे, डुकरांचं किंचाळणं. लोक गच्चीवर उभे राहून बघत होते, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बायका गाडीपुढं आडव्या झाल्या, त्यांना शिव्या बसल्या. आता खरं काय होतं? तो विषाणू मेक्सिकोतल्या डुक्करपालनात घडला. अमेरिका खंडातल्या नि युरोप-आशियातल्या डुकरांच्या विषाणूंची सरमिसळ. जित्या डुकरांचा खंडाखंडातला व्यापार कोण करतो? नाल्यावरचा कैकाडी? भारतात पहिला रुग्ण मे २००९ मध्ये हैदराबादला सापडला, तो अमेरिकेहून विमानानं आलेला. माणसाकडून माणसाला होत होता तो. आमच्या नाल्यावरच्या डुकराचा त्यात संबंध काय? जागतिक आरोग्य संघटनेनं ३० एप्रिललाच डुकराचं नाव टाकून दिलं होतं. पण नाव एकदा चिकटलं की सुटतं का? आपल्याला विचारा.

त्याच महिन्यात इजिप्तच्या सरकारनं देशातली सगळी डुकरं मारायचा हुकूम काढला, तीन लाखांच्या आसपास. तिथं तेव्हा एकही रुग्ण नव्हता. डुकरं होती कैरोच्या जब्बालीनांची. जब्बालीन म्हणजे कचरावाले. मुकत्तम टेकडीच्या पायथ्याशी राहणारे, धर्मानं ख्रिस्ती, पिढ्यानपिढ्या शहराचा कचरा उचलणारे. उष्टं-खरकटं डुकरांना घालायचे, त्यावर संसार. डुकरं मारली, ओला कचरा उचलायचं कारणच राहिलं नाही, आणि कैरोच्या रस्त्यावर कचऱ्याचे ढीग लागले. फ्लू तर यायचा तो आलाच. वाचताना वाटलं, मुकत्तम म्हणजे आपलीच कुठली तरी वस्ती. भाषा वेगळी, देव वेगळा, कचरा तोच.

आणि याच्या उलट एक बघा. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या गृहसंकुलात पंधराएक ढोकऱ्या मरून पडल्या. तपासात बर्ड फ्लू निघाला. तिथं कुणी वर्तुळ आखलं नाही, आखायचं कारणही नव्हतं, रानपाखरं ती. मला त्याची तक्रार नाही. पण त्या संकुलातल्या माणसाला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी कागदी कपात चहा दिला असेल? "घोडबंदरचे लोक घाणेरडे" असं कुणी म्हणालं? टॉवरच्या बागेत मेलेला पक्षी ही बातमी होते. शेडवर मेलेला पक्षी हा शेडवाल्याचा स्वभाव होतो.

डोंबिवलीत आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ आहेत. भला माणूस, पण साथ आली की खुलतो. "म्हणून सांगतो, खाणं सोडा हे. कोंबड्या, डुकरं... निसर्ग शिक्षा देतो." त्याच्या सोसायटीत मांसाहारी भाडेकरू ठेवत नाहीत. मी त्याला म्हणालो, साहेब, तुमचं दूध कुठून येतं? कल्याणच्या खाडीकडं तबेले आहेत. शेकडो म्हशी, शेजारी चाळी. पाऊस झाला, उल्हास नदी फुगली, की तबेल्यात पाणी. म्हशी सोडून रस्त्यावर आणून बांधतात, दर पावसाळ्यात बघतो आम्ही. ते पाणी तबेल्यातून येतं ते शेण, मूत, उंदरांचं मूत, सगळं घेऊन चाळीत घुसतं. त्यातून लेप्टो होतो. पायाला भेग असली, जखम असली, की पुरे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई-ठाण्यात लेप्टोनं किती घरं बसवली! पहाटे दूध डोंबिवलीला जातं, आणि पावसाळ्यात मूत आमच्या चाळीत येतं. दूध मात्र शुद्ध शाकाहारी.

मार्च २०२४ पासून तर अमेरिकेत तोच बर्ड फ्लू दुभत्या गायींत सापडतोय. कच्च्या दुधात विषाणू. गोठ्यातल्या मजुरांचे डोळे लाल झाले, तपासलं तर तोच. तिथं गोठ्यात राबणारे बरेचसे मेक्सिको-ग्वाटेमालाकडून आलेले, कागद नसलेले, दवाखान्यात जायला भिणारे. आणि गोवर! आपल्या पोरांना होणारा गोवर हा गुरांच्या बुळकांडीचा भाऊबंद. हजारो वर्षांपूर्वी गुरांकडून माणसांत आला असं शास्त्र सांगतं. कितीतरी पोरं त्यानं नेली. म्हणून गायीला कुणी गलिच्छ म्हणालं का? तिचं मूत पितात. मी गृहस्थांना एवढं सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता. मी म्हणालो, आणत नाही, ती आधीच येऊन बसलेली असते, मी फक्त तिला नाव विचारतो.

पण त्या गृहस्थाला गप्प केलं म्हणून माझा प्रश्न सुटला नाही. आपण बौद्ध. पंचशीलातलं पहिलंच शील जीवहत्येबद्दल आहे, आणि दर रविवारी माझ्या घरात ब्रॉयलर शिजतो. मटण परवडत नाही. ब्रॉयलर स्वस्त आहे म्हणून आमच्या पोरांच्या ताटात मांस आहे, हेही खरं, आणि ते मी कमी लेखणार नाही. ज्यांच्या आज्यानं मेलेलं खाल्लं त्यांनी ताजं कापलेलं विकत घेऊन खावं, यात एक पायरी आहे. पण ते स्वस्त कसं? स्वस्ताईची किंमत कुणीतरी मोजतोच. मावसभाऊ खोकून मोजतो.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज असा फरक केला आहे. बुद्धानं अहिंसा ही तत्त्व म्हणून सांगितली, नियम म्हणून नाही. कुठं मारणं गरजेचं आहे हे माणसानं आपल्या बुद्धीनं ठरवावं. मी हे पुष्कळ वेळा वाचलं होतं. वेहळोलीच्या वेळी पुन्हा वाचलं. पंचवीस हजार पक्षी मारले, त्यातले बहुतेक धडधाकट. ही इच्छा की गरज? गरजच म्हणावी लागेल. विषाणू माणसांत फिरायला शिकला तर मरणाऱ्यांची गणती होणार नाही, आणि ते पहिल्यांदा आमच्याच चाळीत मरतील. मारायचा हुकूम चुकला असं मी म्हणत नाही. मित्र म्हणाला, मग भांडतोस कशाला?

भांडतो ते यासाठी की ही गरज आभाळातून पडली नाही. ती कुणीतरी तयार केली. दहा हजार एकसारखे पक्षी एका पत्र्याखाली कोंबताना इच्छा होती, नफ्याची. ती इच्छा कंपनीची. त्यातून गरज तयार झाली, ती सरकारची. आणि गरजेपोटी करायचं ते काम, माना मोडायचं, खड्डे खणायचं, चुना टाकायचं, ते ज्याचं त्याच्या नशिबाला. इच्छा वर, गरज खाली. ज्यानं इच्छा केली त्याच्या हाताला रक्त नाही, आणि ज्याच्या हाताला रक्त आहे त्याला कागदी कप. मारणाऱ्यालाच विचारायचं की तुझं शील कुठं गेलं, हे ब्राह्मणी गणित झालं. चांडाळाकडून प्रेतं जाळून घ्यायची आणि चांडाळाला हिंसक म्हणायचं.

मग कोंबडी खायची की नाही? मला विचाराल तर उत्तर अर्धंच आहे. मी सोडली नाही. कमी केली, खरं सांगायचं तर पैशानंही कमी झाली. पण एवढं कळलं की खाणाऱ्याच्या ताटापासून प्रश्न सुरू केला की तो लगेच विटाळाकडं वळतो, कोण काय खातो त्यावर येऊन थांबतो. शेडपासून सुरू केला तर पत्रा किती, पक्षी किती, मजुराला बूट आहेत का, आजारी पडला तर हजेरी कोण देतो, पक्षी मेला हे लपवल्यानं कुणाचा फायदा होतो, असे सवाल येतात. मजूर बोलला तर रोग लवकर कळतो. पहिला पक्षी मान टाकतो तेव्हा तिथं मंत्री नसतो, डॉक्टर नसतो. तिथं मावसभाऊ असतो. त्याला काम जायची भीती असेल तर तो बोलणार नाही. म्हणजे सगळ्या शहराचा जीव त्या माणसाच्या भीतीवर टांगलेला आहे, ज्याला शहर दारात उभं करत नाही.

मावसभावाला मी नंतर फोन केला. कपाचं काढलं. तो म्हणाला, "दादा, त्यात काय. तुझी लेकरं ल्हान." मी म्हणालो, तसं नाही रे. तर म्हणाला, "मला तवाच कळलं. जाऊ दे." आणि विषय बदलला, कोंबडीचा दर सांगायला लागला. माफ केलं की नाही ते समजलं नाही. विचारलंही नाही पुन्हा.

गेल्या दिवाळीत त्याच्या शेडवर गेलो. दारातच पत्र्याची परात, त्यात पोटॅशचं जांभळं पाणी. "पाय बुडव," म्हणाला. मी बुडवले. मग त्यानं बुडवले. मालक आला, त्यानंही बुडवले, न सांगता. आत अमोनियानं डोळ्यांत पाणी आलं. फडकं बांधत नाहीस का, विचारलं. "डाक्टर आला की बांधतो," म्हणाला. त्याच्या बायकोनं स्टीलच्या ग्लासात पाणी दिलं. पिल्लं अठरा दिवसांची होती.